आधी शाळा, मग घर

नोकरीचं पत्र हातात पडलं की लंडनला निघालेलं कुटुंब आधी ऑफिसजवळचं घर शोधू लागतं. मुलं शाळेत जाणारी असतील तर हा क्रम उलटा करा, असं आम्ही आग्रहानं सांगू.

इंग्लंडमधल्या सरकारी शाळांत फी नसते. पण जागांपेक्षा अर्ज जास्त आले की बहुतेक ठिकाणी घरापासून शाळेचं अंतर मोजलं जातं. अर्जाची मुदतही ठरलेली : माध्यमिकसाठी ३१ ऑक्टोबर, प्राथमिकसाठी १५ जानेवारी. वर्षाच्या अध्येमध्ये पोहोचलात, तर जिथे जागा असेल तिथे प्रवेश. दोन भावंडांच्या वाट्याला दोन वेगळ्या शाळाही येतात. लहान वर्गांत एका शिक्षकामागे ३० मुलांची कायदेशीर मर्यादा आहे, तिथे गयावया करून फारसं काही साधत नाही.

म्हणून भाडेकरारावर सही करण्याआधी तिथल्या कौन्सिलकडे, म्हणजे स्थानिक पालिकेकडे, चौकशी करा : कोणत्या शाळेत, कोणत्या इयत्तेत जागा आहे? लंडनच्या हॅरो किंवा वेम्बली भागात आपली माणसं, आपलं वाणसामान मिळेल, हा आधार मोठाच. पण मुलांचा देश, मित्र, भाषा एकदमच बदलते. त्यांना शाळा तरी पायी जाण्याच्या अंतरावर मिळावी. लोकलचा लांबचा प्रवास आईवडिलांनी करावा.

– संपादक