खुराकाचा खर्च कोणाचा?

कराडजवळच्या गोळेश्वरात 15 जानेवारी 1926 रोजी खाशाबा दादासाहेब जाधव जन्मले. जानेवारी 2026 मध्ये त्याला शंभर वर्षे पूर्ण झाली. शासनाने हा दिवस राज्य क्रीडा दिन म्हणून ठरवला आहे, त्यामुळे या दिवशी शाळाशाळांतून हेलसिंकीच्या कांस्यपदकाची, स्वतंत्र भारताच्या पहिल्या वैयक्तिक ऑलिंपिक पदकाची गोष्ट सांगितली जाते. ती सांगायलाच हवी. पण त्या गोष्टीतला जमाखर्चाचा भाग दरवर्षी दोन वाक्यांत उरकला जातो. 1948 च्या लंडन ऑलिंपिकचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला होता. 1952 उजाडेपर्यंत संस्थान विलीन झाले होते. मग गावाने वर्गणी काढली आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. पदक घेऊन परतलेल्या खाशाबांची बैलगाड्यांतून मिरवणूक निघाली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या मिरवणुकीनंतर त्यांनी कुस्त्यांची मैदाने भरवली आणि आलेल्या पैशातून आधी प्राचार्यांचे घर सोडवले.

हे आज उकरून काढण्याचे कारण तालमीत नाही, मोबाइलमध्ये आहे. सप्टेंबर 2026 मध्ये जपानमध्ये आयची-नागोयाला आशियाई क्रीडा स्पर्धा होत आहेत आणि तिथे ई-स्पोर्ट्सला पदके आहेत. केंद्र सरकारने डिसेंबर 2022 मध्ये ई-स्पोर्ट्सला क्रीडा मंत्रालयाच्या छत्राखाली घेतले. ऑगस्ट 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने त्याला खेळ म्हणून मान्यताही दिली. साताऱ्या-सांगलीत कॉलेजसाठी खोली घेऊन राहणारी पोरे रात्री दोन-दोन वाजेपर्यंत ‘स्क्रिम्स’ खेळतात, म्हणजे सरावाच्या लढती. ‘आपल्याला एखाद्या ऑर्गनं उचललं पाहिजे’ ही त्यांची आकांक्षा. ऑर्ग म्हणजे संघ चालवणारी व्यावसायिक संस्था. तिने उचलले की पगार सुरू, मुंबई-नवी मुंबईकडच्या बूटकॅम्पात, म्हणजे सरावाच्या घरात, राहणे-खाणे सुरू. कोल्हापूरच्या तालमीत पोरगा ठेवणाऱ्या बापाला ही व्यवस्था अगदी ओळखीची वाटेल. वस्तादाच्या जागी कोच आहे, खुराकाच्या जागी महागडा फोन आणि वेगवान इंटरनेट. पोराच्या बोटांत दम आहे की नाही, ते खेळ ठरवील. त्याला उचलणाऱ्या संस्थेच्या तिजोरीत दम आहे का, हे मात्र कोणी विचारत नाही.

असा दम क्वचितच असतो, आणि त्यात कोणाचा आळस किंवा अप्रामाणिकपणा शोधायची गरज नाही. धंद्याची मांडणीच तशी आहे. चार-पाच खेळाडू, कोच, विश्लेषक, जागेचे भाडे, स्वयंपाकी, प्रवास हा खर्च दर महिन्याला ठरलेला. बक्षीस मिळाले तर मिळाले, आणि त्यातला मोठा वाटा खेळाडूंचा. सामने यूट्यूबवर फुकट दिसतात, म्हणजे दाराशी तिकीट नाही. आयपीएलच्या संघांना प्रक्षेपण हक्कांतून हिस्सा मिळतो, म्हणून तळाला गेलेला संघही पुढच्या वर्षी मैदानात दिसतो. इथे तसा हिस्सा बहुधा नाहीच. उरतो प्रायोजक. शिवाय ज्या मैदानावर खेळायचे ते मैदान, म्हणजे तो गेम, एका कंपनीच्या मालकीचा. तिने किंवा सरकारने एके दिवशी कुलूप लावले की संघाने जायचे कुठे?

कुलूप लागलेच. 2 सप्टेंबर 2020 रोजी पबजी मोबाइलवर बंदी आली. जुलै 2021 मध्ये तोच खेळ बीजीएमआय या नावाने परतला. जून 2022 मध्ये तर दीड कोटी रुपयांच्या बक्षिसांची बीजीएमआय मास्टर्स सिरीज थेट स्टार स्पोर्ट्सवर दिसू लागली. टीव्हीवर पोरगा दिसतो म्हटल्यावर आईबापांचाही विरोध मावळला असेल. ती स्पर्धा 17 जुलैला संपली आणि 28 जुलैला गेम अ‍ॅप स्टोअरमधून गायब झाला. तो परत यायला मे 2023 उजाडला. या दहा महिन्यांत संघांचे भाडे थांबले नाही, पगाराची तारीख चुकली नाही आणि खेळ मात्र नव्हता. मोठ्या संस्थांनी दुसरे खेळ धरले किंवा विनोदी व्हिडिओंवर दिवस काढले. लहान संस्थांच्या खेळाडूंना ‘थांबा, परत येईल’ एवढेच ऐकायला मिळाले. फ्री फायर हा दुसरा गेम तर 2022 च्याच फेब्रुवारीत बंद झाला होता.

मग 2025 चा कायदा आला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ त्याने बंद केले. घरेदारे बुडवणाऱ्या त्या जुगाराला आळा बसला, हे योग्यच झाले असे आमचे मत आहे. पण एकूण खेळांच्या जाहिरातीतला मोठा पैसा असे खेळ चालवणाऱ्या कंपन्यांचाच होता. भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवरून त्यांच्यातलीच ड्रीम11 ही कंपनी उतरली, तेव्हा महिन्याच्या आत अपोलो टायर्स त्या जागी आले. क्रिकेटच्या दाराशी रांग असते. ई-स्पोर्ट्सच्या संघाकडे जुना प्रायोजक गेल्यावर नवा येतोच असे नाही, आणि आला तर कमी भावात येतो.

हे केवळ आपल्याकडचे दुखणे नाही. अमेरिकेचा फेझ क्लॅन हा ई-स्पोर्ट्स संघ जुलै 2022 मध्ये शेअर बाजारात आला तेव्हा त्याचे मोल 72 कोटी डॉलरच्या वर धरले होते. सव्वा वर्षात तो जेमतेम पावणेदोन कोटी डॉलरच्या आसपास विकला गेला. टीएसएम या संघाने 2021 मध्ये एफटीएक्स या आभासी चलनाच्या बाजाराशी 21 कोटी डॉलरचा दहा वर्षांचा करार केला आणि दीड वर्षात एफटीएक्सच दिवाळखोरीत गेली. शहरांच्या नावाने संघ विकून थाटलेली ओव्हरवॉच या गेमची लीग सहा हंगामांत गुंडाळली. आता जगभरचे संघ सौदी अरेबियाकडे डोळे लावून बसले आहेत, कारण रियाधचा ई-स्पोर्ट्स वर्ल्ड कप बक्षिसांबरोबर क्लबांना थेट मदतही देतो. मुंबईची एस8यूएल ही संस्थाही 2025 मध्ये त्या मदत योजनेत होती. या राजाश्रयाचा भरवसा किती? ऑलिंपिक समितीने सौदीशी ई-स्पोर्ट्स ऑलिंपिकसाठी बारा वर्षांचा करार 2024 मध्ये केला आणि 2025 च्या ऑक्टोबरात तो मोडलाही.

राजाश्रय आटला की काय होते, हे सांगलीइतके कोणाला माहीत असणार! चिंतामणराव पटवर्धनांनी कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ पाहिले आणि आपल्या पदरच्या विष्णुदास भावे यांना तसे काही मराठीत करायला सांगितले. 1843 मध्ये ‘सीता स्वयंवर’ झाले. नट, पोशाख, सामान, सगळ्याला दरबाराचा आधार होता. 1851 मध्ये चिंतामणराव वारले आणि नव्या कारभारात तो आधार उरला नाही. मंडळी भाव्यांच्या गळ्यात पडली. आजच्या भाषेत बोलायचे तर प्रायोजक गेला आणि रोस्टर, म्हणजे खेळाडूंचा ताफा, उरला. भाव्यांनी मंडळी मोडली नाही, बैलगाड्यांत सामान भरून ते गावोगाव निघाले आणि 1853 मध्ये मुंबईत तिकीट लावून खेळ केले. वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची, दाराशी पैसे घ्यायचे आणि त्यावर माणसे पोसायची, ही मराठी नाटकधंद्याची रीत तिथून रुजली. नाटकाचा रसिक दर खेळाला चार पैसे देतो, म्हणून एका धन्याच्या मरणाने ते मेले नाही.

तिकीट हा रामबाण उपाय आहे, असेही नाही. याच सांगली जिल्ह्यातल्या नागठाण्याच्या बालगंधर्वांच्या मंडळीने 1913 पासून थिएटरे तुडुंब भरवली आणि तरी ती कर्जात रुतली. पडद्यापासून अत्तरापर्यंत उधळपट्टी, आणि हिशेबाकडे पाठ. ई-स्पोर्ट्सच्या काही मालकांनी भरभराटीच्या दिवसांत घेतलेले आलिशान बंगले आणि वाढवून ठेवलेले पगार पाहिले की ही आठवण येते. असो.

कुस्तीने काय केले? कुस्ती यात्रेच्या आधाराने टिकली. कुंडलचे मैदान घ्या किंवा एखाद्या लहान गावची जत्रा घ्या, इनामाची रक्कम गाव वर्गणीतून आणि आसपासच्या देणगीदारांकडून दरवर्षी उभी करते. एक दाता हटला तर दुसरे चौघे असतात, आणि मैदान गावाचेच असते. ते कोणी बंद करून निघून जाऊ शकत नाही. पैलवानाचे जोड ठरतात, इनाम हातात पडते, वर्षाचा खुराक कसाबसा निघतो. कसाबसाच, कारण कुस्तीचे गोडवे गाण्यातही अर्थ नाही. 2022 मध्ये महाराष्ट्र केसरी साताऱ्यात झाली तेव्हा विजेत्याच्या खांद्यावर गदा आली आणि रोख बक्षिसावरून वाद पेटला. खाशाबांनाही पदकानंतर तीन वर्षे थांबून पोलिसात फौजदारकी पत्करावी लागली. पण कुस्तीत पोराला निदान माहीत असते की आपल्याला कोण, कधी आणि किती देणार.

ई-स्पोर्ट्सच्या संघांना असे गाव नाही. चाहते लाखो आहेत, पण ते दिल्ली, पाटणा, इंफाळ, कराड असे पसरलेले, आणि त्यांना फुकट बघायची सवय लावणारे संघच आहेत. म्हणून हे संघ पुढेही उघडतील आणि मिटतील. दोनचार मोठे तरतील, तेही खेळापेक्षा व्हिडिओ, कपडे, जाहिराती यांच्या उत्पन्नावर. मुंबईच्या ग्लोबल ई-स्पोर्ट्ससारख्या संघाला व्हॅलोरंट या गेमच्या आंतरराष्ट्रीय लीगमध्ये 2023 पासून भागीदार संघ म्हणून जागा मिळाली आणि गेमची मालक कंपनी भागीदार संघांना दरसाल ठरलेली रक्कम देते. ही वाट त्यातल्या त्यात बरी. बीजीएमआयच्या चालकांनी निदान नोंदणीकृत संघांना गेममधल्या विक्रीतून हिस्सा द्यायला काय हरकत आहे? ज्या संघांच्या जिवावर त्यांचा गेम देशभर पाहिला जातो, त्यांना आज स्पर्धेच्या बक्षिसाखेरीज फारसे काही मिळत नाही.

संघ बुडण्याचा धोका मालकाने घ्यावा. तो त्याचा धंदा आहे. सतरा-अठरा वर्षांच्या पोराने तो का घ्यावा? आपल्या कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलाशी केलेला करार मुळातच रद्दबातल असतो. म्हणजे बारावी सोडून बूटकॅम्पात गेलेल्या सतरा वर्षांच्या पोराचा पगार तीन महिने थकला, तर त्याच्या हातातला सहीचा कागद कोर्टात फारसा टिकणार नाही. सरकारने या खेळाला क्रीडा मंत्रालयात जागा दिली आहे, तर संघांच्या नोंदणीचा नियमही करावा. खेळाडूंच्या सहा महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम बँकेत बांधून ठेवल्याशिवाय कोणत्याही संघाला अधिकृत स्पर्धेत उतरू देऊ नये, आणि अठरा वर्षांखालच्या खेळाडूचा करार पालकांच्या नावे, जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याकडे नोंदवूनच व्हावा. ज्यांना ही रक्कम जड वाटेल, त्यांनी संघ काढू नये.

आणि साताऱ्या-सांगलीतल्या आईबापांना एवढेच सांगणे आहे: पोराच्या हातातला फोन हिसकावून घेऊ नका. त्याला न्यायला आलेल्या संस्थेकडे गेल्या वर्षभराच्या पगाराच्या पावत्या मागा आणि त्या मिळेपर्यंत त्याचा कॉलेजचा दाखला काढू नका.