खाणींच्या ढिगांवरील हिरवाई : प्रश्न झाडांचा नव्हे, मातीचा

उत्खनन संपल्यानंतर खाणक्षेत्रावर पुन्हा गवत उगवावे आणि ती जमीन चारा, वनस्पती व प्राणिजीवनास योग्य करावी, अशी अट खाणपट्ट्यांत घालण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२० रोजी केंद्र सरकारला दिला. वृक्षलागवडीऐवजी गवताला अग्रस्थान देणारा हा आदेश बरेच काही सुचवून जातो.

खनिजापर्यंत पोहोचण्यासाठी उपसलेला दगड-मुरूम ढिगांच्या रूपाने साठत जातो. त्यात सेंद्रिय कर्ब व नत्र नाममात्र असतात आणि तीव्र उतारावर पाणी थांबत नाही. गोव्यात लोहखनिजाच्या ढिगांवरील गाळ पावसाळ्यात ओहोळांवाटे भातशेतीत उतरतो. यावर वर्षानुवर्षे ऑस्ट्रेलियन बाभळीचा सोपा उपाय योजला गेला. नापीक जमिनीतही ती झपाट्याने वाढते, ढीग काही वर्षांतच हिरवा दिसू लागतो आणि अहवालातील आकडाही भरतो! मात्र एकाच जातीच्या दाट लागवडीत स्थानिक गवत व झुडपांना वाव उरत नाही.

नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजेच 'नीरी'ने, गुमगावच्या मँगनीज खाणीतील ढिगांवर निराळा मार्ग अनुसरला. साखर कारखान्यांतील प्रेसमड मिसळून मुरमाला सेंद्रिय आधार देण्यात आला. रोपांच्या मुळांशी नत्र स्थिर करणारे जिवाणू आणि अन्नद्रव्ये मिळवून देणारी मायकोरायझा बुरशी सोडण्यात आली. आधी माती जिवंत करायची, मग झाड लावायचे, असा हा क्रम होता.

वास्तविक उत्खननापूर्वीची सुपीक माती वेगळी काढून पुनर्वसनासाठी वापरण्याची तरतूद खनिज संवर्धन व विकास नियमांत आहे. परंतु ही माती उंच ढिगात वर्षानुवर्षे पडून राहिल्यास तिच्यातील बियाणे आणि सूक्ष्मजीव नष्ट होत जातात. त्यामुळे ती किती साठवली याइतकेच ती केव्हा पसरली, हेही तपासले जाणे आवश्यक ठरते.

गोव्यात आणखी एक पेच आहे. राज्य सरकारने २०२३ मध्ये खाणडंपांविषयी धोरण आखले. एकेकाळी टाकाऊ ठरलेल्या या ढिगांतील कमी प्रतीच्या खनिजाला आता मोल आले आहे. हिरवे झालेले ढीग त्यासाठी पुन्हा उकरले गेल्यास रुजलेले आवरण जाईल आणि सैल झालेला मुरूम पुढच्या पावसात पुन्हा त्याच शेतांकडे वाहू लागेल. कोणते ढीग कायमचे राखायचे, हे लागवडीआधीच ठरणे म्हणूनच अगत्याचे आहे.