अळिंबीची भाजी आणि बाटलीतली पूड

‘पॉलिसॅकराइड’ची टक्केवारी ठळक छापलेल्या अळिंबीच्या कॅप्सूल आता घरबसल्या मागवता येतात. आतड्यातल्या उपयुक्त जिवाणूंसाठी हे ‘प्रीबायोटिक’, असा त्यांचा दावा. तो निव्वळ थाप असता, तर खोडायला सोपा होता.

अळिंबीच्या पेशीभित्तिकेत बीटा-ग्लुकान हे पॉलिसॅकराइड, म्हणजे साखरेच्या रेणूंची लांब साखळी, असतं. त्याचे बंध तोडणारी विकरं माणसाकडे नाहीत, म्हणून ते न पचता मोठ्या आतड्यात उतरतं. तिथले जिवाणू ते आंबवतात आणि त्यातून ॲसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट अशी छोटी मेदाम्लं तयार होतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं मुख्य इंधन म्हणजे हे ब्युटिरेट.

परीक्षानळीत हे सारं छान जुळून येतं. माणसाचं पोट तितकं आज्ञाधारक नाही. मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी निरोगी प्रौढांना दहा दिवस रोज २२६ ग्रॅम बटन मशरूम खाऊ घातले आणि दुसऱ्या दहा दिवसांत त्याऐवजी मांस दिलं. २०१८ साली निष्कर्ष छापून आले. मशरूमच्या दिवसांत मलाचं वजन वाढलं, जिवाणूंच्या गटांचं प्रमाणही बदललं. मलातल्या मेदाम्लांत मात्र फरक दिसला नाही. म्हणजे पाव किलोच्या आसपास भाजी रोज खाऊनही निकाल असा अर्धामुर्धा. मग चिमूटभर पुडीकडून किती अपेक्षा ठेवायची?

त्यात ती पूड कशाची, हा वेगळाच प्रश्न. काही उत्पादक धान्यावर बुरशीचे तंतू वाढवतात आणि धान्यासकट सगळं दळतात. धान्यातला स्टार्चही पॉलिसॅकराइडच! त्यामुळे लेबलवरचा आकडा फुगतो, खोटंही बोलावं लागत नाही. अमेरिकेत विकत घेतलेल्या रेशी अळिंबीच्या १९ पूरक उत्पादनांची तपासणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातली फक्त पाच लेबलशी जुळली.

ताज्या धिंगरी (ऑयस्टर) अळिंबीत अशी भेसळ लपत नाही. शिवाय तंतू आणि प्रथिनं मिळतात ती वेगळीच. बटन मशरूमने काहींचं पोट फुगतं, त्याला बहुधा मॅनिटॉल कारणीभूत असतं. धिंगरीत ते बरंच कमी.

अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा उत्पादनांवर बीटा-ग्लुकान आणि स्टार्च यांचं प्रमाण वेगवेगळं छापण्याची सक्ती करावी. तोवर ‘पॉलिसॅकराइड’च्या नुसत्या आकड्यासाठी ग्राहकाने एक रुपयाही जास्त मोजू नये.