‘रॉक मशीन’ वाहिनीच्या आधीचे



गेल्या अंकातील भारतीय रॉकवरील लेखाचा सूर असा, की मुंबईच्या ‘रॉक मशीन’ला संगीतवाहिनीने घडवले. सनावळी वेगळे सांगते. बँड १९८४ चा, ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ हा पहिला अल्बम १९८८ चा. एमटीव्ही उपग्रहावरून भारतात आली १९९१ मध्ये. तोवर ‘द सेकंड कमिंग’ हा दुसरा अल्बमही निघाला होता.

लेखकाने दाखला दिलेला एमटीव्ही पुरस्कार १९९३ मध्ये ‘प्रिटी चाइल्ड’ला मिळाला. तेव्हा बँडचे नावही ‘इंडस क्रीड’ झाले होते! पहिल्या अल्बमशी त्याचा संबंध नाही.

अमेरिकी धाटणीची छाप होती, एवढे मान्य. पण सरसकट ‘नक्कल’? त्या काळी श्रोते बँडकडे परदेशी गाजलेली गाणीच मागत. अशा वेळी स्वतः रचलेल्या गाण्यांचा अल्बम काढणाऱ्यांना नकलाकार ठरवणे हा उलटा न्याय झाला. आणि इंग्रजी गाणी म्हणजे श्रोते फक्त दक्षिण मुंबईचे, हे कोणी ठरवले? कॅसेटी एसटीने मराठवाड्यातही येत.

उदय बेनेगल आणि महेश तिनईकर यांच्या या बँडने २०१२ मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ हा अल्बम काढला, त्याचा तर लेखात उल्लेखच नाही. निदान सनांची दुरुस्ती पुढच्या अंकात छापावी.

— एक वाचक, बोरी (ता. जिंतूर, जि. परभणी)