उतरलेले छप्पर जाते कोठे?

चैत्र सरला की साताऱ्याच्या पेठांत आणि सांगलीच्या बाजारपेठेत छपरांची कामे निघतात. गळके कौलारू उतरवून पत्रा चढवायचा, किंवा जुना स्लॅब फोडून नवा टाकायचा, असा बेत बहुतेक घरांत अक्षय्य तृतीयेच्या सुमारास ठरतो. नव्या छपराचा हिशेब आपण व्यापाऱ्याच्या शिस्तीने मांडतो. पत्र्याची जाडी, लोखंडाचा भाव, गवंड्याची मजुरी, सारे वहीत उतरते. जुन्या छपराच्या वाट्याला मात्र एकच ओळ येते, ‘राडारोडा उचलणे’, आणि तिच्यापुढे अंदाजाने टाकलेला आकडा. या ओळीत जे दडलेले असते, ते पुढे महागात पडते.

आधी वजन पाहू. मंगलोरी कौल साधारण अडीच किलोचे असते आणि चौरस मीटरला सुमारे 15 कौले लागतात. हजार चौरस फुटांच्या छपराची कौले म्हणजे साडेतीन टनांचा भार झाला. स्लॅबची गोष्ट फार निराळी आहे. हजार चौरस फुटांचा पाच इंची स्लॅब म्हणजे चार ब्रासहून थोडे अधिक काँक्रीट, वजनाने जवळजवळ 30 टन. फोडल्यावर तुकड्यांमधील पोकळीमुळे तेच काँक्रीट सुमारे दीडपट जागा व्यापते, म्हणजे सहा ब्रासांच्या वर जाते. एक ब्रासची ट्रॅक्टर-ट्रॉली धरली तर सहा-सात खेपा होतात. त्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा असेल तर आणखी. तेव्हा ‘चार खेपांत उरकू’ असे कोणी म्हटले, तर ट्रॉली प्रमाणाबाहेर भरली जाणार किंवा उरलेला माल कोठेतरी जवळच पडणार, हे ओळखावे.

अमेरिकेत अशा कामासाठी दारापुढे मोठी लोखंडी पेटी भाड्याने आणून ठेवतात. भरली की ती तशीच उचलून नेतात. नॉक्सव्हिल गावच्या डेम्प्स्टर बंधूंच्या आडनावावरून तिला ‘डंपस्टर’ हे नाव पडले. आपल्या पेठांतील बोळांत ती पेटी वळणारही नाही. आपल्याकडे ट्रॉली, डंपर किंवा छोटा टेम्पो हीच साधने. पण पेटी काय आणि ट्रॉली काय, भाडे चुकवल्यावर ती कोठे रिकामी होते, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच.

आपल्या दोन शहरांना हा प्रश्न पाण्याने जोडलेला आहे. अजिंक्यताऱ्याच्या उत्तर उतारावरून निघालेले ओढे सातारा शहरातून वेण्णेकडे जातात. वेण्णा संगम माहुलीला कृष्णेला मिळते. कृष्णा कऱ्हाडला कोयनेला सोबत घेते आणि सांगलीला येते. रात्री ओढ्याच्या काठावर रिकामी केलेली ट्रॉली त्या ओढ्याचे पात्र तेवढ्यापुरते अरुंद करते. खुद्द सांगलीत तर सखल जागा दिसली की राडारोड्याने भरून घेण्याची सवयच जडली आहे. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी 45 फूट आहे. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेले आणि गणपती पेठेतील, मारुती रस्त्यावरील दुकाने बुडाली. त्या पुरात माल गमावलेली कितीतरी घरे हे पान वाचत असतील. पुढे नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीनेही पूरपट्ट्यातील अतिक्रमणांकडे लक्ष वेधले. महापूर आला तो मुख्यतः अतिवृष्टीने, हे खरेच. पण पाणी पसरण्याची जागा आपण ट्रॉली-ट्रॉलीने कमी करत असू, तर त्याचा भार आपल्याच गोदामांवर येतो.

केंद्र सरकारने 2016 साली बांधकाम व पाडकामाच्या कचऱ्यासाठी स्वतंत्र नियम केले. हा कचरा ज्याच्या कामातून निघतो त्याच्यावरच त्याची जबाबदारी त्यांनी टाकली. दिवसाला 20 टनांपेक्षा अधिक निघत असेल तर काँक्रीट, माती, विटा-चुना आणि लोखंड-लाकूड-प्लास्टिक असे वेगळे करून आधी स्थानिक संस्थेची मान्यता घ्यावी, असेही 2016 च्या त्या नियमांत सांगितले होते. वर मांडलेला स्लॅब एका दिवसात फोडला तर ती मर्यादा सहज ओलांडली जाते. म्हणून काम काढण्यापूर्वी नगरपालिकेत किंवा महापालिकेत जाऊन राडारोडा टाकण्याची नेमून दिलेली जागा व शुल्क विचारून घ्यावे.

वेगळे करण्यात तोटा नाही, उलट चार पैसे सुटतात. लोखंडाला भंगारात भाव आहेच. सागवानी तुळया, वासे आणि अखंड कौले घेणारे गिऱ्हाईक मिळते. मात्र कौले वरून फेकू न देता हातोहात उतरवून घ्यावीत. विटांचे तुकडे स्वतःच्याच नव्या जोत्याच्या भरावात जिरतात.

सिमेंटच्या जुन्या पत्र्यांबाबत मात्र काटकसर नको. वखारींवरील असे पुष्कळ पत्रे ॲस्बेस्टॉसचे असतात. त्याचे तंतू श्वासावाटे फुप्फुसात गेले तर वर्षानुवर्षांनी कर्करोग उद्भवतो, आणि ॲस्बेस्टॉसचे सर्वच प्रकार कर्करोगकारक आहेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पत्रे पाण्याने भिजवून, न फोडता, अखंड उतरवावेत. मजुरांना चांगले मुखपट्टे द्यावेत. तुकडे राडारोड्यात मिसळू नयेत, भरावात तर मुळीच नाही. त्यांची विल्हेवाट वेगळी लावावी लागते. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जिल्ह्यातील कार्यालयात त्याची चौकशी करावी.

कौलांखाली चिमण्यांची घरटी, खारींची पिले, वटवाघळे असतात. आपल्या घरांत हे वेगळे सांगावे लागू नये. तरी मजूर वर चढण्याच्या आदल्या दिवशी घरातल्या कोणी आढ्याखालून एकदा पाहून घ्यावे, आणि पिले असतील तर ती बाजू मागे ठेवावी.

ठेकेदाराशी बोलणे लेखी असावे. दर खेपेवर की ब्रासवर, खेपा किती, माल कोठे पडणार, शुल्क कोण भरणार, हे चार मुद्दे त्यात हवेत. शेवटचा हप्ता नेमलेल्या जागेची पावती हाती आल्यावरच द्यावा. आणि हे सारे मेच्या मध्यापर्यंत आटोपावे, कारण वळवाच्या दोन सरी पडल्या की कच्च्या रस्त्यावर भरलेली ट्रॉली रुतते आणि ट्रॅक्टरवाला ती जवळच कोठेतरी रिकामी करून परततो.