मुळांना हवी बुरशीची सोबत

जालना जिल्ह्याची बाहेरची ओळख बियाणे आणि मोसंबी यांची. 1964 साली बद्रीनारायण बारवाले यांनी येथे महिकोची स्थापना केली आणि देशाच्या बियाणे बाजारात या गावाचे नाव झाले. परंतु उत्तम बियाणे ज्या जमिनीत पडते तिची अवस्था काय, हा प्रश्न तितक्या आग्रहाने कधी विचारला गेला नाही. रेताड जमीन असो वा माळावरची मुरमाड बरड, दोहोंचे दुखणे एकच. पाणी झिरपून जाते, खत टिकत नाही आणि सेंद्रिय द्रव्य नावापुरतेच उरते. अशा जमिनीत मिरची, टोमॅटो वा कांदा घेणारा शेतकरी दरवर्षी डीएपीची एक गोणी वाढवितो आणि दरवर्षी कर्जाचा एक हप्ता.

या जमिनीला एक जुना सोबती आहे. तो म्हणजे मायकोरायझा, मुळांशी सख्य करणारी बुरशी. 1885 साली जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक यांनी हे नाव दिले. ट्रफल नावाच्या महागड्या भूछत्राची लागवड करता येईल काय, हे शोधण्याच्या सरकारी कामगिरीतून त्यांना हे मुळांचे रहस्य सापडले, ही गंमतच म्हणायची. पिकांच्या मुळांत शिरून राहणाऱ्या प्रकारातील या बुरशीचे तंतू मुळांच्या केसांहूनही बारीक असतात. मुळे जेथे पोहोचत नाहीत तेथील स्फुरद, जस्त आणि थोडा ओलावा ते आणून देतात व मोबदल्यात झाडाकडून साखर घेतात. स्फुरद जमिनीत जवळजवळ हलतच नाही. मुळाभोवतीचा साठा संपला की झाड उपाशी राहते. म्हणूनच हा व्यवहार हलक्या जमिनीत विशेष मोलाचा ठरतो. शिवाय हेच तंतू सुट्या वाळूचे कण एकमेकांना बांधतात.

कांद्याची मुळे आखूड व विरळ, त्यामुळे त्याला या सोबतीची गरज मोठी. मिरची, वांगी, टोमॅटो, भेंडी, काकडीवर्गीय वेल यांनाही लाभ होतो. कोबी, फ्लॉवर, मुळा, पालक, बीट मात्र या बुरशीला थारा देत नाहीत. त्यांच्या वाफ्यात ती टाकणे म्हणजे पैसे मातीत घालणे. विक्रेता हे सांगेलच असे नाही.

येथेच खरी अडचण आहे. ‘बुरशी’ म्हटले की शेतकऱ्याला मर आणि करपा आठवतो, हात औषधाच्या पंपाकडे जातो. रोपवाटिकेत कार्बेन्डाझिमसारख्या बुरशीनाशकाची आळवणी करायची आणि दुसऱ्याच दिवशी महागडी मायकोरायझाची पिशवी ओतायची, याला काय म्हणावे? स्फुरदाची रेलचेल असली की झाडालाही या भागीदाराची गरज वाटत नाही, आणि ते त्याला दूर ठेवते. वारंवार खोल नांगरट केल्याने तंतूंचे जाळे तुटते. जमीन दीर्घकाळ उघडी पडीक राहिली की बुरशीची उपासमार होते. म्हणजे शेतात मुळात असलेली सेना आधी मारायची आणि मग तीच विकत आणायची!

बाजाराचीही झडती घ्यायला हवी. खत नियंत्रण आदेशात 2006 पासून जैविक खतांचा समावेश झाला, पुढे मायकोरायझालाही मानके लागू झाली. परंतु पिशवीतील बीजाणू जिवंत आहेत की नाहीत, हे डोळ्यांना दिसत नाही. उन्हाने तापलेल्या दुकानात महिनोन् महिने पडलेल्या पिशवीवर आकर्षक छापील आकडे असतात, आत केवळ भुकटी असू शकते. कृषी खात्याने रासायनिक खतांचे नमुने घेतले जातात तसेच या पिशव्यांचेही घ्यावेत आणि निष्कर्ष तालुक्याच्या ठिकाणी उघड लावावेत.

याच जिल्ह्यातील कडवंचीने पाणलोट विकासातून माळरानाचे रूप पालटले, ते गावाने स्वतः पाहून, मोजून, पटवून घेतले म्हणून. खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्र हाताशी आहे, बियाण्यांची परीक्षा करणाऱ्या प्रयोगशाळा शहरात आहेत. पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात ज्यांची मिरची येते, अशा शेतकऱ्यांच्याच हलक्या जमिनीवर येत्या हंगामात अर्ध्या वाफ्यात बुरशी, अर्ध्यात नाही, असे शेजारी-शेजारी प्रयोग लावता येतील. रोप टाकतानाच बीजाणू मुळाशी द्यावेत, माती परीक्षण पाहून स्फुरद बेताने द्यावे, शेणखत भरपूर द्यावे आणि तोडणीच्या दिवशी दोन्ही वाफ्यांचा माल वेगवेगळा तोलावा.