चाक देणारा

सायकलशर्यत म्हटली की एकटा स्वार आणि त्याचे एकट्याचे श्रम, असा आपला समज असतो. १९०३ साली सुरू झालेली 'तूर द फ्रान्स' ही तीन आठवड्यांची, टप्प्याटप्प्यांची शर्यत हा समज खोटा ठरविते. पिवळी जर्सी एकाच्या अंगावर चढते. त्याच्यासाठी वारा अंगावर घेणारे, पाणी आणून देणारे सहकारी मात्र अनामच राहतात.

१९३४ साली पिरेनीज पर्वतातील एका उतारावर फ्रेंच संघाचा नायक आंतोनँ मान्ये पडला; त्याचे चाक निकामी झाले. वीस वर्षांच्या रने व्हिएतोने आपले पुढचे चाक काढून दिले आणि मदतीची वाट पाहत तो रस्त्याकडेच्या कठड्यावर रडत बसला. ते छायाचित्र पुढे अजरामर झाले. दुसऱ्या दिवशी नायक पुन्हा अडला. पुढे निघून गेलेला व्हिएतो उलट चढण चढून परतला आणि त्याने आपली सायकलच देऊन टाकली. मान्ये जिंकला. व्हिएतो पाचवा आला. ही शर्यत त्याला पुढेही कधी जिंकता आली नाही.

त्यागाचे गोडवे गाताना आपण ते अश्रू सोयीस्करपणे विसरतो. त्या तरुणालाही जिंकायचेच होते. म्हणून पहिल्या दिवसापेक्षा दुसऱ्या दिवसाचे परतणे मोठे. कारण तेव्हा त्याला किंमत ठाऊक होती.

चाक देणारे प्रत्येक संस्थेत, प्रत्येक घरात असतात. त्यांना दुःखच होत नाही असे मानून पुनःपुन्हा त्यांच्याकडेच हात पसरणे ही कृतघ्नता होय. आपण कोणाच्या चाकावर इथवर पोहोचलो, एवढे तरी विजेत्याने स्मरावे.